कादंबरी अर्ध्यावर का सुटते, आणि शेवटच्या पानापर्यंत कशी न्यावी

वाचनालयातली एखादी जाड कादंबरी मिटलेली हातात घ्या आणि तिची कड नीट पाहा. पहिल्या शंभर-सव्वाशे पानांची कड बोटांनी मळून काळपट झालेली असते. पुढे ती उजळत जाते आणि शेवटाकडे बरेचदा अगदी कोरी असते. पुस्तक नेणारे खूप, पुरे करणारे थोडे, हे त्या कडेवरच दिसते.

कारण विचारले की उत्तर ठरलेले: "सुरुवात छान होती, मग कंटाळा आला." मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. कंटाळ्याने जितक्या कादंबऱ्या सुटतात, त्याहून जास्त खाड्याने सुटतात. चार दिवस पुस्तक उघडले नाही की नावे पुसट होतात, कोण कोणाचा मेव्हणा ते आठवत नाही, लेखकाच्या भाषेला सरावलेला कान पुन्हा परका होतो. पाचव्या दिवशी पान जड लागते आणि त्या जडपणालाच आपण कंटाळा म्हणतो. मग पुढचा खाडा आठ दिवसांचा, आणि त्यापुढचा कायमचा.

म्हणून खालची सगळी कृती एकाच गोष्टीभोवती आहे: खाडा पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर परत आत शिरायला वाट ठेवायची. पायऱ्यांचा क्रम पाळा. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळतात आणि सातव्या पायरीशी येऊन अडकतात.

१. पुस्तक घरी आणण्याआधी

कोणीतरी सुचवलेली, पुरस्कार मिळालेली कादंबरी उचलायची आणि आपल्याला ती आत्ता वाचवेल का हे पाहायचेच नाही, ही पहिली चूक. दुकानात किंवा वाचनालयात उभ्या उभ्या दहा मिनिटे द्या. पहिले पान वाचा, मग मधले कुठलेही एक पान सबंध वाचा. पहिले पान लेखकाने घासूनपुसून लिहिलेले असते, रोजचा सूर मधल्या पानावर कळतो. पुढचे तीनशे पानभर तोच सूर तुमच्या सोबतीला असणार आहे.

त्याच वेळी पाहून घ्या की गोष्ट सांगतो कोण. 'ययाति'मध्ये ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. हे आधी माहीत नसेल, तर एक निवेदक थांबून दुसरा सुरू होतो तिथे वाचक गोंधळतो आणि पुस्तक खाली ठेवतो. माहीत असेल तर तिथेच नवा हुरूप येतो.

वर्ष-दोन वर्षांत एकही कादंबरी पुरी झाली नसेल, तर सहाशे पानांच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. 'बनगरवाडी' (१९५५) किंवा 'रणांगण' (१९३९) घ्या. त्या सोप्या आहेत असे मुळीच नाही, 'रणांगण' तर आतून ढवळून काढते. पण त्या तीन-चार बैठकांत संपतात, म्हणजे खाडा पडायला जागाच राहत नाही.

इशारा: कादंबरी दोन खंडांत असेल तर दोन्ही खंड एकदम आणा. 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांत आहे आणि तिच्यात खोतांच्या चार पिढ्या येतात. पहिला खंड संपला आणि दुसरा वाचनालयातून कोणीतरी नेलेला निघाला, की दोन महिन्यांनी त्या पिढ्या पुन्हा जुळवता येत नाहीत.

अक्षराचा आकारही पाहा. जुन्या आवृत्त्यांत बारीक टाइप आणि पिवळा पडलेला कागद असतो. चाळिशीच्या पुढच्या वाचकाला रात्रीच्या दिव्यात त्याचाच शीण येतो आणि तो शीण लेखकाच्या नावावर जमा होतो. नवी आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या.

२. वेळेचा हिशोब

वीस मिनिटांचा गजर लावा, नेहमीच्या वेगाने वाचा आणि पाने मोजा. समजा बारा पाने झाली. म्हणजे तासाला छत्तीस आणि रोज अर्धा तास दिला तर अठरा. सहाशे पानांच्या कादंबरीला ३३-३४ दिवस लागतील. पाऊण तास दिला तर २२-२३ दिवस.

हा हिशोब ऐकायला रुक्ष वाटेल, पण पंधरा दिवसांत संपेल अशी मनाशी खूणगाठ बांधलेला वाचक विसाव्या दिवशी स्वतःला हरलेला समजतो. महिना लागणार हे आधीच माहीत असेल तर विसाव्या दिवशी तो अगदी वेळेवर असतो. वाचनालयाची मुदतही याच हिशोबात बसवा. परतीची तारीख किती आणि मुदत वाढवून मिळते का, हे पुस्तक नेतानाच काउंटरवर विचारा.

सुरुवातीचा दिवसही निवडून घ्या. परीक्षा, घरातले लग्न, गणपती, आर्थिक वर्षाची अखेर अशा आठवड्याच्या तोंडावर जाड कादंबरी उघडू नका. पहिले दहा दिवस मोकळे असले पाहिजेत.

३. पहिली बैठक लांब हवी

रात्री झोपण्याआधी सहा पाने, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये चार, मग रविवारी दहा: बहुतेक कादंबऱ्यांची सुरुवात अशी होते आणि बहुतेक तिथेच मरतात. सुरुवातीच्या पानांत गाव, घर, काळ, माणसे आणि बोलण्याची ढब सगळे एकदम मांडलेले असते. ते तुकड्या-तुकड्यांत मनात बसत नाही.

पहिल्या बैठकीला दीड ते दोन तास काढा. सुट्टीची सकाळ उत्तम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. चाळीस-पन्नास पाने एका दमात झाली पाहिजेत. दुसरी बैठक दुसऱ्याच दिवशी, निदान तासभराची. या दोन बैठकांनंतर मग लोकलमधली वीस मिनिटेही कामी येतात.

प्रस्तावना आधी वाचू नका. मराठीत दीर्घ प्रस्तावनांची चाल आहे आणि काही फार मोलाच्या आहेत. 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना स्वतंत्रपणे अभ्यासावी अशी आहे. पण प्रस्तावना लिहिणारा कादंबरी पुरी वाचून बोलत असतो. तो शेवट सांगून जातो आणि आपण पहिल्या पानावर पोचेपर्यंत अर्धी ताकद खर्च झालेली असते. मलपृष्ठावरचा मजकूरही दोन ओळींपलीकडे वाचू नका.

सुरुवात संथ असेल तर घाबरू नका. इटालियन लेखक उम्बेर्तो इको यांना 'द नेम ऑफ द रोझ' या मठात घडणाऱ्या कादंबरीची पहिली शंभर पाने छाटण्याचा सल्ला मित्रांनी आणि संपादकांनी दिला होता. त्यांनी तो नाकारला. मठात राहायला येणाऱ्याने मठाची चाल अंगवळणी पाडून घेतलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. संथपणा दर वेळी लेखकाची चूक नसतो.

तपासणी: पहिल्या बैठकीनंतर पुस्तक मिटून स्वतःला तीन प्रश्न विचारा. आपण कुठे आहोत? कोणाच्या नजरेतून पाहतो आहोत? त्या माणसाला काय हवे आहे किंवा काय खुपते आहे? तिसऱ्याचे उत्तर अजून आले नाही तरी चालेल. पहिल्या दोहोंचे आले नसेल, तर पुढे न जाता पहिली वीस पाने पुन्हा वाचा.

४. नावांची चिठ्ठी

या पायरीवर मी सर्वांत जास्त भर देईन, कारण मराठी कादंबरीत एका माणसाला चार नावे असतात आणि चार माणसांना एक.

पेशवाईवरची कुठलीही कादंबरी घ्या. रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब हा एकच माणूस. सदाशिवराव, भाऊ आणि भाऊसाहेब हाही एकच. उलट 'नाना' म्हटले की ते नानासाहेब पेशवे की नाना फडणीस, हे प्रसंगावरून ओळखायचे. बाजीराव दोन, माधवराव दोन. पौराणिक कादंबरीत राधेय, वसुषेण, अंगराज आणि सूतपुत्र म्हणजे कर्णच. ग्रामीण कादंबरीत दर दुसऱ्या घरात एक आबा, एक तात्या आणि एक अण्णा. ज्याला हे नाते-संबोधनांचे जाळे उलगडत नाही, तो ऐंशीव्या पानावर "आता हे दादासाहेब कोण?" असे म्हणून थांबतो. मागे जाऊन शोधायचा कंटाळा करतो, तसाच पुढे रेटतो आणि वीस पानांनी सगळेच सुटते.

उपाय साधा आहे. पोस्टकार्डाएवढा जाडसर कागद घ्या, तोच खूण म्हणूनही वापरा. त्यावर तीन रकाने: नाव आणि त्याची पर्यायी नावे, कोणाचा कोण, आणि पहिल्यांदा भेटला ते पान. 'स्वामी' वाचताना चिठ्ठीची सुरुवात अशी होईल:

माधवराव: पेशवे, नानासाहेबांचे चिरंजीव.
रघुनाथराव (दादासाहेब, राघोबा): नानासाहेबांचे धाकटे भाऊ, माधवरावांचे काका.
गोपिकाबाई: माधवरावांच्या आई.
रमाबाई: माधवरावांच्या पत्नी.
आनंदीबाई: रघुनाथरावांच्या पत्नी.

एवढेच. स्वभाव, दिसणे, तुमचे मत, काही लिहायचे नाही. दहा-बारा नावांवर थांबा. पुढे कोणी महत्त्वाचे निघालेच तर जोडा. नाव लिहायचे ते माणूस दुसऱ्यांदा भेटला की. पहिल्या भेटीत प्रत्येकाला टिपत बसलात, तर वाटेत एकदाच दिसणारा टांगेवालाही यादीत येईल आणि वाचन बाजूला राहून कारकुनी सुरू होईल. अनेक पिढ्यांची कादंबरी असेल तर चिठ्ठीच्या मागे वंशवेल काढा, आजोबा वर आणि नातवंडे खाली.

तपासणी: शंभर पाने झाली की चिठ्ठी उलटी ठेवा आणि पाच माणसांची नाती तोंडाने सांगून पाहा. तीनदेखील जमली नाहीत तर आज नवे पान वाचू नका. चिठ्ठीतल्या पानांवर जाऊन त्या माणसांना पुन्हा भेटून या.

५. बोली अडली तर

'गोतावळा'चे (१९७१) सगळे निवेदन कोल्हापूरकडच्या ग्रामीण बोलीत आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी वळणाच्या कादंबऱ्याही आहेत. शहरात वाढलेला किंवा परदेशात राहून मराठी वाचणारा वाचक इथे पहिल्या दहा पानांत माघार घेतो, आणि ती माघार फार लवकरची असते.

पहिली चार-पाच पाने मोठ्याने वाचा. डोळ्यांना अनोळखी वाटणारा शब्द कानाला बरेचदा ओळखीचा निघतो, कारण बोली ऐकण्यासाठीच घडलेली असते. प्रत्येक शब्दाला थांबू नका. जो शब्द तिसऱ्यांदा अडवेल त्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ मारा (वाचनालयाचे पुस्तक असेल तर चिठ्ठीवर लिहा) आणि अर्थ बैठक संपल्यावर पाहा. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि बोलीतल्या शब्दांसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उपयोगी पडतो. दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात.

इशारा: वाचता वाचता फोनवर अर्थ शोधू नका. अर्थ अर्ध्या मिनिटात मिळतो, पण फोन त्यानंतर वीस मिनिटे हातातून सुटत नाही.

६. रोजचे वाचन आणि थांबण्याची जागा

रोजची वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा: सकाळचा चहा, लोकलचा प्रवास, दुपारचे जेवण झाल्यावरची वीस मिनिटे. 'वेळ मिळेल तेव्हा' ही वेळ कधीच येत नाही. फार धावपळीच्या दिवशीही दोन पाने वाचाच. दोन पानांनी कादंबरी पुढे सरकत नाही हे खरे, पण माणसे विसरायला होत नाहीत.

थांबायचे कुठे, याची चूक जवळजवळ सगळे करतात. प्रकरण संपले की पुस्तक मिटायचे, ही सवय शाळेपासूनची. पण प्रकरणाच्या शेवटी बरेच काही मिटलेले असते. दुसऱ्या दिवशी उघडायला ओढ उरत नाही आणि नव्या प्रकरणाची अनोळखी सुरुवात समोर येते. त्यापेक्षा प्रकरण संपवून पुढच्याची दोन-तीन पाने वाचा आणि बोलणे चालू असताना, कोणीतरी दारात उभा असताना थांबा. चिठ्ठीच्या मागे एक ओळ लिहा: आता काय व्हायचे होते. दुसऱ्या दिवशी ती ओळ वाचा, एक-दीड पान मागे जा आणि तिथून सुरू करा.

झोपेच्या गुंगीत वाचू नका. तेच पान तीनदा वाचून काही उरत नसेल तर ते वाचन हिशोबात धरू नये. रात्रीचीच वेळ मिळत असेल तर अंथरुणात न वाचता खुर्चीत बसून वाचा.

एका वेळी दोन कादंबऱ्या सुरू करू नका. सोबत कविता किंवा लेख वाचायला हरकत नाही.

७. मधली पाने: नेमके काय अडले आहे ते ओळखा

एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंतचा पट्टा सर्वांत धोक्याचा. नवेपणा संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. इथे वाचक सरसकट 'बोअर झालं' म्हणतो. पण अडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि औषधही वेगळे आहे.

माणसे आठवत नाहीत: चौथ्या पायरीवर परत जा.

काही घडतच नाही असे वाटते: तुम्ही ज्या गोष्टीची वाट पाहता आहात ती या कादंबरीत आहे का, ते तपासा. 'कोसला' (१९६३) हातात घेऊन अनेक जण कथानकाची वाट पाहतात. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो आणि परत गावी जातो. घटनांची साखळी शोधणाऱ्याला एवढेच दिसेल. त्या कादंबरीचा सगळा जीव त्याच्या बोलण्यात आहे. 'पुढे काय' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'हा हे असे का सांगतो आहे' असे विचारत वीस पाने वाचा. अनेकांना पुस्तक तिथे पहिल्यांदा उघडते.

वर्णने फार आहेत: ती भरभर नजरेखालून घाला, संवाद मात्र नीट वाचा. एखाद-दुसरे वर्णन असे ओलांडले म्हणून पाप लागत नाही. सगळीच ओलांडावी लागत असतील तर नववी पायरी पाहा.

दुःख सोसवत नाही: हा कंटाळा नव्हे. घरात आजारपण किंवा नुकताच मृत्यू झाला असेल तर तशाच प्रसंगाची पाने थांबवतातच. तारीख लिहून पुस्तक बाजूला ठेवा, यात कमीपणा काही नाही.

८. खाडा पडल्यावर परत कसे शिरावे

तीन-चार दिवस झाले असतील तर चिठ्ठी वाचा, शेवटचे सबंध प्रकरण पुन्हा वाचा आणि त्याच बैठकीत पुढे जा. पंधरा दिवस झाले असतील तर आधी वाचलेल्या प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान चाळा. तासाभरात बहुतेक सगळे परत येते. दोन महिने उलटले असतील तर पहिल्या पानापासून सुरू करा. दुसऱ्यांदा ती पाने निम्म्या वेळात होतात आणि पहिल्या वेळी निसटलेले पुष्कळ दिसते.

या वेळची पहिली बैठकही तिसऱ्या पायरीसारखी लांबच हवी. परत येताना चार पानांची बैठक घेणे ही इथली नेहमीची चूक.

९. सोडायची असेल तर ठरवून सोडा

प्रत्येक कादंबरी पुरी केलीच पाहिजे असे नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकी ग्रंथपालांचा नियम सुटसुटीत आहे: वय पन्नासपर्यंत असेल तर पन्नास पाने द्या, त्यापुढे शंभरातून वय वजा करून उरतील तेवढी. म्हणजे ६५ वर्षांच्या वाचकाने ३५ पाने. मी त्याला एकच अट जोडेन: ती पाने खाड्याविना वाचलेली असावीत. तीन आठवड्यांत विखरून वाचलेल्या पन्नास पानांवरून पुस्तकाबद्दल काहीच सांगता येत नाही.

सोडताना चिठ्ठीवर पान क्रमांक आणि कारण एका वाक्यात लिहा, आणि पुस्तक त्याच आठवड्यात परत करा किंवा कपाटात ठेवा. अर्धवट कादंबरी उशाशी पडून राहिली की दुसरी सुरू करायलाही मन धजत नाही. कित्येकांचे वाचन अशा एकाच पुस्तकापाशी वर्ष वर्ष अडकून राहते.

१०. शेवटची शंभर पाने

इतके वाचून कोणी इथे सोडेल का? सोडतात. ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीत शेवट आधीच माहीत असतो. 'पानिपत' (१९८८) वाचणाऱ्याला जानेवारी १७६१ मध्ये काय होणार हे ठाऊक आहे, आणि कर्णाचे चाक रुतणार हे तर लहान मुलालाही ठाऊक असते. त्या प्रसंगाच्या अलीकडे हात आपोआप थांबतो, उद्या वाचू असे होते आणि ती उद्या लांबते.

म्हणून शेवटच्या शंभर पानांसाठी एक मोकळी संध्याकाळ किंवा अर्धी सुट्टी आधीच राखून ठेवा. ती तुकड्यांत वाचू नका आणि संपवायच्या घाईत पळवूही नका. मधल्या पानांत जी नजर भरभर फिरवलीत ती इथे चालणार नाही. पन्नासाव्या पानावरचे एखादे वाक्य इथे उलगडते, त्यासाठी मागे जाऊन पाहायची उसंत हवी.

संपल्यावर प्रस्तावना वाचा. आता तिच्यातला प्रत्येक संदर्भ तुमच्या ओळखीचा असेल, आणि तिच्याशी भांडायलाही तुमच्याजवळ मुद्दे असतील. मग पुढची कादंबरी आठवड्याच्या आत निवडा. यावेळी शंभर-दीडशे पाने जास्तीची घ्यायला हरकत नाही.